डोक्यावरच्या पाटीची उंची

पाटीवाल्या मावशी कुणापुढे वाकत नसत आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. सकाळी घरातून निघाल्यापासून त्यांच्या डोक्यावर झेंडूची पाटी असे. मान ताठ, एक हात पाटीला, दुसरा मोकळा, तो भांडायला. आमच्या साहेबांसमोरही त्या तशाच आल्या. साहेबांनी खुर्ची दाखवली, तर पाटी खाली ठेवून म्हणाल्या, उभीच बरी आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आग्रा रोड जड ट्रकांसाठी रुंद करायचं ठरलं होतं. निफाडच्या बाजूला ज्यांच्या जमिनी त्यात जाणार होत्या, त्यांच्या हरकती ऐकायला आमची कचेरी गावोगावच्या शाळांत जाऊन बसत असे. मी तिथली लिहिणारी कारकून. नाशिक रोडहून पहिल्या बसने निघायचं, बाकावर कार्बन लावून बसायचं आणि लोक बोलतील ते सरकारी मराठीत उतरवायचं. माझा हात भरभर चाले, त्याची मला घमेंडही होती. वेळ वाचावा म्हणून प्रत्येक कागदाच्या तळाशी मी आदल्या दिवशीच लिहून ठेवत असे, 'निवेदन वाचून दाखविले, बरोबर आहे.' प्रत्यक्षात वाचून कुणालाच दाखवत नसे. सगळेच कारकून तसं करत.

मावशींचं बोलणं झालं आणि मी शाईची डबी पुढे केली. त्यांनी हात पदराखाली घेतला.

"आधी वाचा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, तुम्ही बोललात तेच लिहिलंय.

"मंग वाचायला काय जातंय? मला वाचता येत नाय, म्हनून तर तुम्हाला वाचायला लावते."

मी वाचलं. 'अर्जदारास रस्त्याबाबत हरकत नाही, मोबदला वाढवून मिळावा.' सकाळपासून सगळे तेच सांगत होते आणि माझ्या हातानं मावशींच्या नावावरही तेच लिहून टाकलं होतं. मावशींनी तर मोबदल्याचं नावही काढलं नव्हतं. त्यांची घरं रस्त्याच्या एका अंगाला, विहीर आणि फुलांची शेतं दुसऱ्या अंगाला. आज बायका वाहनं बघून, पदर सावरून पलीकडे जातात. उद्या ट्रकांची रांग लागली की पाटीवालीसाठी कोण थांबणार? रस्ता करा, पण आम्हाला त्याच्या खालून वाट द्या, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, नवा कागद घ्या.

मागच्या रांगेनं हे सगळं ऐकलं. मग प्रत्येकाला वाचून हवं झालं. सकाळी अंगठे देऊन गेलेलेही परत आले. एका दिवसात उरकायची सुनावणी तीन दिवस चालली, माझ्या नाकी नऊ आले आणि साहेबांनी, तुम्ही लोकांना डोक्यावर चढवून ठेवता, म्हणून कानउघाडणी केली. मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. म्हटलं, वाचून दाखविले असं आपणच लिहितो ना, मग वाचू या की.

महिन्याभरानं इंजिनियर नकाशा घेऊन त्याच शाळेत आले. पाणी जायला रस्त्याखाली मोरी ठेवलीच आहे, बायकांनी तिच्यातून जावं, असं त्यांनी सुचवलं. ती मोरी कमरेपेक्षा जराशीच उंच. मावशी उठल्या, दारात ठेवलेली पाटी डोक्यावर घेतली, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि इंजिनियरांना फळ्याजवळचा खडू उचलायला लावला.

"पाटीच्या वर रेघ मारा. मोरीचा माथा तिच्याखाली नको. आम्ही वाकनार नाय."

लोक हसले, इंजिनियरही हसले, पण त्यांनी रेघ मारली. मग साहेबांनी हात वर केले. एवढ्या उंच मोरीला मंजूर निधी पुरणार नाही, गावानं वर्गणी काढावी, असं त्यांचं म्हणणं.

"जमीन दिली ती काय व्हती, साहेब?" मावशी म्हणाल्या. "ट्रक काय आमची फुलं न्यायला येनार हायेत? ज्यांचा माल जाईल त्यांच्याकडून घ्या. आन् बाई, हे असंच लिवा."

साहेब मला म्हणाले, हे वगळा. मी वगळलं नाही. शब्दाला शब्द लिहिला, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, मावशींचा अंगठा घेतला आणि कागद सहीसाठी साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी कागदावरून मान वर केली. भिंतीवरची खडूची रेघ त्यांच्या अगदी समोर होती. त्यांनी सही केली.

त्यानंतर माझी बदली झाली, थेट डोंगरातल्या हरसूलला. का झाली, ते मला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. जायच्या दिवशी मावशी फूलबाजारातून परस्पर बस स्टँडवर आल्या. पाटीत उरलेला झेंडू माझ्या पदरात टाकला आणि म्हणाल्या, "तिथंबी वाचून दाखवा." मी तेवढं मात्र नोकरी संपेपर्यंत पाळलं. कचेरीत माझी हळूबाई म्हणून थट्टा होई, ती होऊ दिली.

रस्त्याचं काम रेंगाळत रेंगाळत पुरं झालं. तोवर मावशी गेल्या होत्या. मला ते दोन महिन्यांनी कळलं, आणि मी चालू कचेरीत रडले. सवड मिळताच त्यांच्या वस्तीवर गेले. त्यांची सून शेताकडे निघाली होती, तिच्याबरोबर मीही चालू लागले. मोरीच्या तोंडाशी आलो आणि डोक्यावर काही नसताना मी उगाच मान खाली घातली.

"वाकू नका, बाई," सून म्हणाली. "सासूबाईंनी तसं लिहून घेतलंय."

तिच्या डोक्यावर पाटी होती आणि पाटीच्या वर चार बोटं मोकळी जागा होती. वरून ट्रक धडधडत जात होते. आम्ही दोघी ताठ मानेनं पलीकडे गेलो.