मावसाजींच्या मोटारीची तांब्याची नळी

आमच्या मावसाजींइतका हट्टी माणूस अख्ख्या वऱ्हाडात नव्हता. आणखी एक असता, तर दोघांना मिळून वऱ्हाड पुरलं नसतं. मलकापुरातले बडे लोक मोटार विकत घेत आणि तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मावसाजींना हे दोन्ही हलकं वाटे. एका साहेबाची ओढ्यात कोसळलेली मोटार त्यांनी बैलांकडून घरी ओढून आणली, तिच्यावर सागवानाचं अंग चढवलं आणि मावशीला तिच्यातून देऊळगाव राजाला, तिच्या माहेरी, बालाजीच्या यात्रेला नेण्याचं जाहीर केलं. मावशीचा थोरला भाऊ भर पंगतीत म्हणाला, "दाजी, मागं बैलजोडी बांधून आणा बरं. आमची बहीण घाटात अडकून पडायची." त्या दिवशी मावशीनं ठरवलं, आता माहेरी जाईन तर ह्याच मोटारीतून.

सगळं जमलं, अडलं ते पेट्रोलच्या नळीवर. नळी तांब्याची घालावी की रबराची? रबर वाकतं पण पेट्रोलनं फुगतं. तांबं फुगत नाही पण हादऱ्यानं तडकतं. मावसाजींनी याबाबत कुणाचंच ऐकलं नाही, अगदी स्वतःचंही. रबराचा तुकडा त्यांनी पेट्रोल भरून लोणच्याच्या बरणीत ठेवला. मावशी रोज विचारी, "मुरलं काय तुमचं लोणचं?" तांब्याचा तुकडा कापसाच्या जिनिंगच्या थरथरत्या यंत्राला बांधला. तिथले मालक रहीमचाचा म्हणाले, "भाऊसाहेब, मी सरकी काढून राह्यलो का तुमच्या नळीचा जीव?" रबर लुळं पडलं, तांबं तडकलं. शेवटी मावसाजींनी तांब्याच्याच नळीला इंजिनाजवळ वेटोळी दिली, म्हणजे हादरे वेटोळ्यांनी झेलावेत. हा निकाल त्यांनी अशा थाटात सांगितला की हायकोर्टानं टिपून घ्यावा.

दसऱ्याआधी घरातलं सगळं तांबं चिंचेनं घासायची रीत. मोटारीचीही पूजा व्हायची, म्हणून मावसाजींनी तो वेटोळ्यांचा तुकडा काढून मावशीकडे दिला. तो लखलखीत होऊन परत आला, आणि काठीसारखा सरळ.

"लयच वाकडा झाला होता," मावशी कौतुकानं म्हणाली. "लाटणं फिरवून सरळ केला."

मावसाजी क्षणभर नळीकडे पाहत राहिले, मग चिंचेनं सोलवटलेल्या मावशीच्या बोटांकडे.

"चांगली चमकली," एवढंच म्हणाले. मग चुलीवरचं पुरण उतरवलं, नळी निखाऱ्यात लाल केली, पाण्यात विझवली आणि मऊ पडल्यावर त्याच लाटण्याभोवती गुंडाळली.

यात्रेला निघालो. राजूरच्या घाटात मोटार म्हशीसारखी धापा टाकत होती, पण नळी टिकली. देऊळगाव राजाला थोरल्या भावानं मोटारीला प्रदक्षिणा घातली, वाकून खाली पाहिलं आणि जरा हळूच विचारलं, "कोणत्या कंपनीची म्हणायची ही?"

मावसाजींनी भाषणासाठी घसा खाकरला. मावशी आधी बोलली.

"आमच्या घरची."

मावसाजी टोपी हातात घेऊन तिच्याकडे नुसते बघत राहिले. आता दोघंही नाहीत. मावसाजींची भाषणं मी पुष्कळ ऐकली. हल्ली आठवतं ते त्यांचं त्या दिवशीचं गप्प राहणं.