आईच्या डाव्या हातातली पेंडी

नागपूरला आईच्या मेंदूतली गाठ काढली, तेव्हा संकट टळलं असं आम्हाला वाटलं. पण दिघोरीजवळच्या आमच्या गावी परत आणल्यावर तिने आपल्याच डाव्या हाताकडे बोट दाखवून मला विचारलं, "हा कोणाचा हात होय वो?" मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशीही तिने तेच विचारलं, तेव्हा मात्र मी डॉक्टरांना फोन लावला. हातात ताकद आहे, असं डॉक्टर म्हणत होते. आईच्या लेखी तो हात तिचा नव्हताच.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. गोळ्यांच्या वेळा, उठवून बसवूनच घास भरवणं, कूस बदलणं, टाक्यांची जागा कोरडी ठेवणं, सगळं शिकून घेतलं होतं. पण जन्मभर धानाची रोवणी केलेल्या बाईला स्वतःचा हात ओळखू येऊ नये, हे सोसवत नव्हतं. गावाबाहेर लिंबाखालच्या मातामाय देवीला दिवा लावायचा आईचा नेम मी चालवत होते, पण हात जोडावेसे वाटत नव्हते.

दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं होतं, खाटेची उजवी बाजू भिंतीला लावा, येणारा माणूस डावीकडूनच आला पाहिजे, म्हणजे तिला तिकडे बघावंच लागेल. आम्ही मायेपोटी उलटंच करत होतो. आई उजवीकडेच बघायची, म्हणून ताट, पाणी, पाहुणे सगळं उजवीकडे. शेवटी एका सकाळी, फारशी आशा नसताना, मी ओसरीवरची खाट फिरवली.

त्याच दुपारी शेजारच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणीला आलेल्या परगावच्या बायांपैकी एक पाणी मागायला आली. हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी होती. ती आईच्या डावीकडे उभी राहिली, दुसरी जागाच नव्हती. मी लोटा घेऊन आले, तशी "धर वो माय जरा," म्हणत तिने पेंडी आईच्या डाव्या हातात दिली आणि ओंजळ पुढे केली.

आईची बोटं मिटली. मग उजवा हात हळूहळू तिकडे गेला आणि बांधीत उभं असल्यासारखी तिने चार रोपं वेगळी काढली. पुटपुटली, कवळे हायत पऱ्हे, उपटाची घाई केली. बाई हसली, ते मालकाले सांग म्हणाली, आणि पाणी पिऊन पेंडी घ्यायला वाकली. आई सोडेना.

"सोड ना माय, बाया वाट पाहून रायल्या."

"थांब वो," आई म्हणाली. "माह्या हातात हाय ना."

मी लोटा खाली ठेवला आणि खाटेजवळ बसले.

ती बाई कोणत्या गावची, हे विचारायचंही मला सुचलं नाही. नंतर चौकशी केली, तोवर रोवणी आटोपून त्या निघून गेल्या होत्या. आईचा हात अजून अडखळतो, कधीमधी ती त्याला विसरतेही. पण आता मातामायपुढे दिवा लावताना काडीपेटी ती डाव्या हातात धरते आणि मी शेजारी हात जोडून उभी असते. खाट फिरवून एक बाजू मोकळी ठेवणं, एवढंच माझ्याकडे होतं. तिथे कोणाला पाठवायचं, ते मातामायने पाहिलं.