सात शिक्क्यांची खिडकी

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या नोटरीने माझ्या कागदावर शिक्का मारला आणि शाईचा ओलसर, तेलकट वास आला. त्या वासासरशी मी वीस वर्षं मागे, अल्बेनियातल्या एका सरकारी ऑफिसात पोचलो. कम्युनिस्ट राजवट केव्हाच गेली होती, तरी एकेका दाखल्यावर सात शिक्के लागायचे. ते बंद करणारं सॉफ्टवेअर बसवायला आमची टीम गेली होती.

खिडकीमागची वयस्कर कारकून बाई आपले शिक्के फडक्याने पुसून एकेक खोक्यात ठेवत होती. दुभाष्यामार्फत तिने मला विचारलं, "लोक माझ्यावर ओरडायचे. आता कुणावर ओरडतील?"

मी तोऱ्यात म्हणालो, "ओरडायची वेळच येणार नाही, काकू!" ती हसली नाही. तिने खिडकी लावून घेतली.

आज माझ्या व्हिसाच्या केसपुढे वेबसाइटवर गेले आठ महिने एकच ओळ दिसते आहे: 'प्रोसेसमध्ये आहे'. हेल्पलाइनवर मशीन बोलतं. देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नाही, आणि नागपूरला बाबा अंथरुणाला खिळलेत.

काल फोनवर म्हणाले, "अरे, कुणाला तरी जाऊन विचार ना!"

कुणाला विचारू, बाबा? खिडक्या बंद करायचं काम मी फार मन लावून केलं होतं.