टेपमधली बाई

माझी नात लातूरला वकिली करते. परवा ती आली आणि तिनं मोबाईलवर मला माझाच आवाज ऐकवला. "मी त्या जमिनीवरचा हक्क सोडला आहे," असं मी स्वच्छ बोलत होते. हे वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नाही. एआयनं ते तयार केलं होतं.

"आता कोर्टात असले पुरावे येणार, आजी," ती म्हणाली. तिला त्यात गंमत वाटत होती. मला मात्र ऐंशीच्या दशकातला, दुष्काळ सरल्यानंतरचा एक दावा आठवला.

धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. मी तिथं एका ज्येष्ठ वकीलसाहेबांच्या हाताखाली नवी वकील म्हणून काम करत होते. परंड्याकडच्या एका गावातून एक विधवा बाई आमच्याकडं आली. बौद्ध वस्तीत घर, दावणीला दोन म्हशी, आणि गावच्या दूध सोसायटीची ती सभासद. सोसायटीचं संकलन केंद्र वस्तीला लागून होतं. चेअरमननं ते स्वतःच्या मळ्यात हलवायचा ठराव सर्वानुमते झाल्याचं दाखवलं होतं.

"म्या उभं राहून न्हाय म्हणले," ती सांगत होती. "रोज त्यांच्या मळ्यात पाय ठिवायचा, आन मनात आलं की त्यांनी हाकलायचं? असं कसं चालंल?"

आम्ही सहकार न्यायालयात दावा लावला. पहिल्याच साक्षीच्या दिवशी चेअरमनचा पुतण्या दोन कॅसेटचा, एकीवरचं दुसरीवर उतरवता येणारा मोठा टेपरेकॉर्डर काखेत घेऊन आला. तो अरबस्तानात नोकरी करून परतला होता, आणि गावात कुठलीही सभा असली की टेप चालू करून बसायचा. कोर्टात त्यानं बटण दाबलं. चेअरमनचा आवाज आला, "केंद्र मळ्यात न्यायचं. मान्य हाय का?" मग बाईचा, "मला मान्य हाय. लिवून घ्या."

आमची बाई उठून उभी राहिली. "ही कोन बाई हाय? हा माजा आवाज न्हाय!"

सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला. कारण आवाज तिचाच होता, बहिऱ्यालाही कळला असता.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब चिडले होते. "अशिलानं आपल्याला फसवलं. माणूस शब्द फिरवतो, यंत्र कशाला फिरवेल? दावा काढून घ्या."

शंका मलाही होतीच. मी शेजाऱ्यांचा टेप मागून आणला, त्या बाईंना, मी त्यांना मावशी म्हणायचे, समोर बसवलं, टेप चालू केला आणि म्हशींची चौकशी केली. त्या मोकळेपणानं बोलल्या. मग मी तेच त्यांना ऐकवलं. त्या दचकल्या. "ही बी तीच बाई हाय." थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "पर म्हशी तर माज्याच हायत."

त्यांनी आजवर स्वतःचा आवाज बाहेरून ऐकलेलाच नव्हता.

"मग कोर्टात वाजलं ते तुम्हीच बोललात ना, मावशी?"

"बोलले आसंन. पर मळ्याचं न्हाय, बाई. दुस्काळात चाऱ्याची सभा झालती. जनावरामागं एक पेंडी ठरली, तवा म्या म्हणले, मला मान्य हाय, लिवून घ्या. तवाबी त्या पोराचं खोकं टेबलावर हुतं."

मला हे फार सोयीचं उत्तर वाटलं. सापडलेला माणूस असंच काहीतरी शोधून काढतो. तरी मी कोर्टाकडं अर्ज केला आणि टेप पुन्हा ऐकायची परवानगी घेतली. डोळे मिटून ऐकत होते. चेअरमनच्या आवाजामागं पाण्याच्या इंजिनाची धकधक होती. बाईचं वाक्य आलं तशी ती नाहीशी झाली. वाक्य संपलं आणि पुन्हा धकधक सुरू.

मावशींना विचारलं. दोन्ही सभा शाळेच्या ओट्यावर झाल्या होत्या, म्हणाल्या, शेजारी विहीर. दुष्काळात ती कोरडी होती, इंजिन बंद. मळ्याच्या ठरावाच्या सभेपर्यंत पाऊस होऊन गेला होता आणि इंजिन दिवसभर चालायचं.

पुढच्या तारखेला पुतण्या पिंजऱ्यात उभा राहिला. इंजिनाचं ऐकून वकीलसाहेबांनी उलटतपास माझ्यावर सोपवला.

"सभेत इंजिन चालू होतं?"

"व्हय."

"या बाई बोलल्या तेव्हा ते कोणी बंद केलं?"

"पडलं आसंल बंद."

"आणि त्यांचं बोलणं संपताच आपोआप चालू झालं?"

तो चेअरमनकडं बघायला लागला. न्यायाधीशांनी टेप पुन्हा लावायला सांगितला. त्या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनी ती जोडलेली कॅसेट पुराव्यातून वगळली आणि सभासदांना साक्षीला बोलावलं. बरेचजण आठवत नाही म्हणाले. दोघांनी मात्र ही बाई विरोधात उभी राहिल्याचं सांगितलं. त्यातला एक चेअरमनच्याच भावकीतला होता. ठराव रद्द झाला. केंद्र वस्तीजवळच राहिलं.

पुढं काही महिन्यांनी मावशी खवा घेऊन घरी आल्या. सोसायटीची सभा नुकतीच झाली होती. मी सहज विचारलं, "मग, काय बोललात सभेत?"

"काय न्हाय. हात वर केला."

"का? इतक्या हिमतीनं भांडलात ना?"

"भांडले की. पर तोंडातून गेल्यालं कुठं कुठं ठिवत्यात, काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "हात कापून दुसरीकडं जोडाय येत न्हाय."