सरकारने अडवलेली पुरणपोळी

नातीला वाटतं आजी जन्मापासूनच शहाणी. तिच्या आईचं लग्न ठरलं तेव्हाची मी तिनं पाहायला हवी होती. वय पंचावन्न, अक्कल पंधराची.

लेकीची सोयरीक चाकणजवळच्याच निघोज्यात जमली. विहीणबाईंनी पुरणपोळीचा बेत केला. आम्ही लातूरकडचे, पोळी कशी असावी ते फक्त आम्हालाच कळतं अशी माझी समजूत. चाकणला घरी आल्याबरोबर बहिणीसाठी फोनमध्ये आवाजातला निरोप भरला: "पोळी कसली अगं, कंपनीत सांध्यात रबरी गॅस्केट म्हणून बसवली तर इंजिन जन्मात गळायचं नाही." आणि चुकून पाठवला तो 'लग्नघर' ग्रुपवर. त्यात विहीणबाई, त्यांच्या चार जावा आणि होणारा जावई.

पण निरोप गेलाच नाही. खाली बारीकसं घड्याळ दिसत राहिलं. त्या दिवशी चाकणला आंदोलन चिघळलं होतं आणि सरकारनं नुकतंच तालुक्याचं नेट बंद केलं होतं.

लेक घरून काम करायची. ती चिडली. "एक कागद काढला की अख्खा तालुका मुका. किती दिवस, कशासाठी, काही सांगायला नको?"

"लोकांच्या भल्यासाठीच असतं ते," मी म्हणाले. "राहू दे की चार दिवस बंद."

"तुला कधीपासून सरकारचा एवढा पुळका?"

निरोप पुसायचा कसा ते मला येत नव्हतं आणि तिला विचारायची सोय नव्हती. टीव्हीवर सांगितलं, भावना भडकवणारे संदेश पसरू नयेत म्हणून बंदी आहे. त्यावरून त्या दीडशहाण्या बाईनं, म्हणजे मीच, असा अर्थ काढला की अडकलेले निरोप सरकार एकेक करून ऐकणार आणि तांदळातले खडे वेचावेत तसे वाईट तेवढे काढून टाकणार. जिल्हाधिकारी साहेब माझं गॅस्केट कानाला लावून बसलेत, असं डोळ्यांपुढे यायला लागलं. त्यांनी ते भडकाऊ ठरवावं म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. नाहीच ठरवलं, तर माझ्या जिभेपायी लेकीचं लग्न मोडणार होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा सुरू झालेल्या दिसल्या, तशी निघोजं गाठलं. काहीतरी करून विहीणबाईंचा फोन लपवायचा, असा बेत. पण उंबऱ्यातच रडू फुटलं आणि मी सगळं ओकून टाकलं, साहेबांच्या कानासकट.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सरकारला कामं न्हाईत व्हय, तुमची पोळी ऐकत बसाया? आन् गॅस्केट लई कामाचं असतंय, बाई. माझा ल्योक त्याच लायनीत हाय." मग पोळपाट माझ्यापुढे सरकवला. "लाटा. आमी बी बघतो लातूरची पोळी."

माझी पोळी तव्यावर फुटली. पुरण जळून घरभर धूर.

"ह्यातनं मातर इंजिन गळंल," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेट आलं. घड्याळ गेलं, निरोप गेला. लेकीनं तो ऐकून कपाळावर हात मारला.  मग ग्रुपवर विहीणबाईंचा आवाज आला: "ऐकलं का समद्यांनी? लग्नात पोळ्या मीच करनार. ईनबाईंना तव्याजवळ कुनी जाऊ देऊ नका."