कुठला प्राणी?

अक्कांना काहीही विचारलं तरी उत्तराआधी त्याच उलट विचारायच्या, "कुठला प्राणी?" किरणोत्साराने शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींचं काय होतं, हा अड्यारमधल्या आमच्या प्रयोगशाळेचा विषय. अक्का तिथल्या प्रमुख, तंजावरी मराठी घरातल्या. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होऊन तमिळ हेलात संपायचं.

मी पुण्याहून आलेला, घाईचा. "अक्का, पेशी सावरतात की नाही, एवढंच सांगा ना!" म्हटलं की त्यांचा चष्मा कपाळावर चढायचा. "सेरी, बरं, पण कुणाच्या पा? उंदीर काही आठवड्यांत सावरतो. माकडाला महिने लागतात. माणसाला वर्षंही लागतील, तेही सावरला तर. उंदराचं पंचांग माणसाच्या भिंतीवर लावू नको." मी वैतागायचो. या बाईंकडून सरळ उत्तर म्हणून मिळायचं नाही.

वेलचेरीतल्या भाड्याच्या घरात माझ्यासोबत विनय राहायचा, आयटीतला. कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणं घेऊन बरा झालेला. वर्ष उलटलं तरी तपासणीत एकही शुक्राणू दिसत नव्हता, आणि इकडे लग्न ठरलेलं. डॉक्टर "थांबून बघू" म्हणत होते. एकदा डोशाचा तुकडा मोडता मोडता त्याने मला विचारलं, "काय शास्त्रज्ञसाहेब, तुमच्या उंदरांचं काय म्हणणं?"

"यायचे असते तर एव्हाना आले असते," मी म्हणालो.

अक्कांना विचारावं असं मनात आलं होतं. पण बाईमाणसाला मित्राचं असलं कसं विचारायचं? बाई आयुष्यभर तोच विषय शिकवत होत्या! विनयने स्वतःहून लग्न मोडलं.

दोन वर्षांनी त्याची तपासणी चांगली आली. ती मुलगी तोवर दुसऱ्या घरी नांदत होती. विनय तिरुपतीला जाऊन मुंडण करून आला, चमत्कार झाला म्हणत त्याने लाडू वाटले. मीही एक खाल्ला.

मग अक्कांना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. "कुठला प्राणी बघून सांगितलंस?" एवढंच विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या, "जा, त्याला खरं सांग."

निवृत्त होऊन तंजावरला गेल्या तरी फोनवर पहिलं तेच, "सांगितलंस?" मी चिडायचो, विषय बदलायचो. एकदा म्हणाल्या, "माणसाला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. पण किती रे?"

गेल्या महिन्यात अक्का गेल्या. आता विचारणारं कुणी नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटत.

विनय, तो चमत्कार नव्हता. तू नुसता थांबला असतास तरी चाललं असतं. थांबून उपयोग नाही, असं मी म्हणालो होतो.