हवेला चुना

माझी नात हवेतला कार्बन पकडते. हे मी शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "पोलिसात लागली का?" मी तिला धड समजावू शकले नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि मलाच तेव्हा अर्धवट कळलं होतं.

नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अंधेरीत एक लहानशी कंपनी आहे. गाड्यांतून आणि कारखान्यांतून जो वायू बाहेर पडतो आणि जग तापवत ठेवतो, तो तिथे हवेतून परत ओढून घेतात. हिला तिथेच नोकरी हवी होती, दुसरीकडे कुठे अर्जसुद्धा केला नव्हता. कंपनीवाले म्हणाले, घरी काहीतरी करून दाखव, मग बघू.

तिने आमच्या नाहूरच्या घरात गॅलरी अडवली. माझी चार स्टीलची ताटं घेतली, त्यांत चुन्याची पूड पसरली, वर पाणी शिंपडलं आणि समोर टेबलफॅन लावला. कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. जेवताना तिने सांगितलं, "आजी, चुना हवेतला वायू ओढून घेतो. जेवढा ओढतो तेवढं त्याचं वजन वाढतं. मग चुना भट्टीत तापवला की वायू सुटतो, तो जमिनीखाली गाडायचा, आणि चुना परत वापरायचा."

"म्हणजे तू हवेक चुनो लावतलंस," आमचे हे म्हणाले. हे मालवणचे, जन्म गिरणीत गेला तरी बोली सुटली नाही.

मी हसले. नात हसली नाही. तिचा बाप आधीच म्हणत होता की ही कंपनी तुलाच चुना लावणार.

"आणि भट्टी कशावर पेटवणार?" मी विचारलं. "तिचा धूर कोण पकडणार?"

"तेच तर शोधतायत सगळे, आजी," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

ती ताटं रोज वाळवून वजन करायची. तीन ताटांचं वजन वाढत होतं. खिडकीजवळच्या चौथ्याचं कमी होत होतं. तिने फॅन फिरवला, काटा बदलला, ताटांच्या जागा सोडून सगळं बदललं. कंपनीत दाखवायचा दिवस जवळ आला तशी ती जेवेनाशी झाली. म्हणाली, "मला कारणच सांगता येत नसेल तर ते मला का घेतील?" मी म्हटलं, जेव आधी. दुसरं मला काय येतं?

त्याच संध्याकाळी हे गॅलरीतून आत आले आणि कुरकुरले, "गो चेडवा, तुझ्या चुन्यात काय दम नाय. आधी जिभेक चावायचो, आता मातयेसारखो लागता."

डॉक्टरांनी यांची तंबाखू बंद केली होती. नातीच्या डोक्यावर हात ठेवून यांनी ती सोडली होती. म्हणून घरात चुन्याची डबी येत नव्हती. तंबाखूची पुडी मला नंतर यांच्या उशीखाली सापडली.

"आजोबा, कुठल्या ताटातला?"

"खिडकीकडच्या. थयसरच माझो हात पोचता."

"तुम्ही माझा प्रयोग खाल्लात?"

"ताटार नाव कोणाचा हा ता बघ," हे म्हणाले.

आमच्याकडे भांड्यांवर नावं कोरतात. त्या ताटावर यांचंच नाव होतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी पंखाही खा." नात मात्र रागवायची राहिली आणि खाली बसली. आधी चावायचा आणि आता चावत नाही, म्हणजे चुन्याने हवेतला वायू ओढला होता, ते ताटही बिघडलं नव्हतं. तिने स्वयंपाकघरातून लिंबू आणून पिळलं. चुना फसफसला, ओढलेला वायूच बाहेर येत होता. मग ती हसली, आणि भातही दोनदा मागितला.

कंपनीत तिने चारही ताटं नेली. त्यांनी विचारलं, हे एक वेगळं का ठेवलंय? तिने सांगितलं, "ते आजोबांनी खाल्लं." खोटं काही रचून सांगितलं नाही. ते लोक बराच वेळ हसले आणि मग विचारलं, कधीपासून येतेस?

आता ती रोज अंधेरीला जाते. येते तेव्हा कोपरापर्यंत पांढरी असते. तीन ताटं परत आली, यांच्या नावाचं तिथेच राहिलं. मी मागते तर म्हणते, "आजी, त्यात काम चाललंय." यांची तंबाखू मी कचऱ्यात टाकली. हे मात्र खालच्या बाकावर सगळ्यांना सांगत बसतात की अंधेरीच्या कंपनीत आपलं नाव लागलंय.